पान एकशे बारा

रविवारची जेवणं उरकली तसा जासईहून बायकोला घेऊन आलेल्या शिवतेजने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "चला, आता बसू या." खारघरच्या या सातव्या मजल्यावरच्या घरात ही पहिलीच बैठक. याआधीची कोपरखैरण्याच्या खोलीत झाली होती, माथाडी वसाहत सोडून इकडे यायचं की नाही हे ठरवायला. तेव्हाही राजेश्वरी सोडून बाकी सगळे बोलले होते.

मानसिंग, म्हणजे आबा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तीस वर्षं वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या, आता पाठ खुर्चीलाही नीट टेकत नव्हती. मुलगी शास्त्रज्ञ आहे हे त्यांनी बाजारात इतक्या वेळा सांगितलं होतं, की हमालांच्या टोळीतले लोक त्यांनाच 'सायंटिस्ट' म्हणून हाक मारायचे. मुलगी कथा-कादंबऱ्याही लिहिते हे मात्र ते कुणाला सांगत नसत. घरात कुणाला साखरेचा आजार असावा तसं ते होतं. सगळ्यांना माहीत, पण त्यावर बोलणं नाही. राजेश्वरीची दोन पुस्तकं काचेच्या कपाटात चांदीच्या वाट्यांशेजारी उभी होती आणि या घरात ती कुणी उघडलेली नव्हती. वाचत नाहीत म्हणून ही माणसं वाईट ठरत नाहीत, पण त्या दुपारी त्याची किंमत मोजावी लागणार होती.

"खुलासा उद्या अकरापर्यंत द्यायचाय," शिवतेज म्हणाला. "आबा, आई, नीट ऐका. आक्का, तूच सांग."

त्रेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, अठरा वर्षं एकाच संस्थेत पाणी, माती आणि मासळी तपासत आलेली राजेश्वरी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर संस्थेचं पत्र, त्याला टाचलेली एका पानाची झेरॉक्स. तिने सांगितलं ते वर्गात सांगावं तसं, सावकाश.

प्रयोगशाळेतल्या वहीची पानं छापील क्रमांकाची असतात. पान फाडायचं नाही. चुकलं तर खोडरबर नाही, एक तिरपी रेघ मारायची आणि खाली सही. दर शुक्रवारी सहकाऱ्याने प्रत्येक पानाखाली साक्षीदार म्हणून सही करायची. गेल्या मार्चमध्ये यंत्र चाळीस मिनिटं चालणार होतं. तेवढ्यात तिला कादंबरीतला एक भाग सुचला. कादंबरीची नायिकाही शास्त्रज्ञ आणि हा भाग म्हणजे त्या नायिकेच्या वहीतलं एक पान. घरची निळी वही घरी राहिली होती. समोर ही उघडी होती.

"तिच्यातच लिवलंस?" आबांनी विचारलं.

"हो. तारीख, नमुन्यांचे क्रमांक, आकडे. खऱ्या पानासारखं. खाली गोष्ट. रेघ मारायची होती, आबा. जेवायला गेले आणि विसरले."

"आणि त्या शर्मिला मॅडमने शुक्रवारी डोळे झाकून सही ठोकली," शिवतेज म्हणाला. "आता तपासणीवाल्यांना ते पान सापडलं. खाडीच्या शिंपल्यांमध्ये, तिसऱ्यांमध्ये, शिसं किती, याची ती वही. बाकीच्या सगळ्या पानांवर आकडे जास्त आणि या एका पानावर कमी. ते म्हणतात, गोष्ट हा नुसता बहाणा, कमी आलेले आकडे हिने दडवले आणि जास्तीचे तेवढे अहवालात घातले."

"आगं पन ते तुज्या मनातलं हाय म्हनून सांग की," आई, वेणूबाई, म्हणाल्या.

"सांगितलं तर," राजेश्वरी म्हणाली, "जी बाई वहीत मनातलं लिहिते तिच्या बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवणार? वही बाद. अहवाल बाद. माझी चौकशी, शर्मिलाचीही. आणि संस्थेच्या परवानगीशिवाय मला पुस्तक छापता येत नाही. ती परवानगी आता या जन्मी मिळत नाही."

"आन न्हाई सांगितलं तर?"

शिवतेज याचीच वाट पाहत होता. "तिच्या डायरेक्टरनेच रस्ता दिलाय, आई. आपुलकीने दिलाय. लिहायचं की आकडे पुन्हा केलेल्या टेस्टचे, अहवालात घालायचे राहून गेले, खालची गोष्ट तेवढी रिकाम्या जागेत खरडलेली. संपला विषय. नोकरी राहते, प्रमोशन राहतं, पुस्तकही निघतं. सुंठीवाचून खोकला गेला."

"आणि सरासरी मर्यादेखाली येते," राजेश्वरी म्हणाली. "खाडीत शिसं नाही असा अहवाल जातो."

"आणि खरं लिहिलंस तर अहवालच जात नाही. म्हणजे दोन्हीकडून तो मेलेलाच आहे ना? मग तू कशाला त्याच्याबरोबर सती जातेस?"

बोलणं बिनतोड होतं, आणि शिवतेजला ते ठाऊक होतं. न्हावा शेव्याच्या कस्टममध्ये तो आठ वर्षं एजंट म्हणून लोकांचे कागद सोडवत आला होता. अडलेला कागद कुठून सुटतो हे त्याला वासावरून कळायचं. बहिणीवर त्याचा जीव होता. बारावीची फी तिने भरली, पहिला शर्ट तिने घेतला. पण ज्या नाल्याच्या तोंडाशी तिने नमुने घेतले तो नाला एका कंटेनर यार्डाच्या भिंतीखालून येतो, तिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात, आणि ते यार्ड त्याची सगळ्यात मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, आहे, हेही तितकंच खरं. सल्ला मनापासून होता. त्यात थोडी सुटका आपलीही आहे हे त्याला आतून माहीत होतं, आणि म्हणूनच तो जरा जास्त जोरात बोलत होता.

"राजी, शिवा बोलतुया ते ऐक," वेणूबाई म्हणाल्या. "तुला ना नवरा, ना पोर. नोकरी गेली तर कुनाच्या तोंडाकडं बगशील?"

"खोटं वजन लिवायचं म्हनतीस व्हय?" आबा खिडकीजवळून म्हणाले. "पंचाऐंशी किलोची गोनी पन्नासची लिवली, तर लिवनाऱ्याची पाठ मोडत न्हाई. उचलनाऱ्याची मोडती."

"आबा, बाजार वेगळा, हे वेगळं."

"काय येगळं हाय?"

ज्ञानेश्वरी, शिवतेजची बायको, भिंतीला टेकून खाली बसली होती. गेल्या एप्रिलपासून ती कमीच बोलायची. पाचव्या महिन्यात मूल गेलं, आणि तेव्हापासून जासईच्या त्यांच्या घरात आणि इथेही तिच्यासमोर आवाज चढला की सगळे आपोआप सावरून घ्यायचे. आत्ताही सावरलं.

तेवढ्यात राजेश्वरीचा फोन वाजला. शर्मिला. ती फोन घेऊन आत गेली.

"काय ठरलं?" शर्मिलाने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"घरचे बसलेत."

"राजेश्वरी, रिटायर व्हायला माझी दोनच वर्षं राहिलीत गं. मी हात जोडते. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी ओळ न् ओळ वाचली असती. तुझी होती म्हणून नाही वाचली." मग ती म्हणाली, "तुझी पुस्तकं मात्र मी वाचते, माहितीये ना? आपल्या अख्ख्या मजल्यावर मी एकटीच वाचते."

"माहितीये."

"मग?"

राजेश्वरीने फोन बंद केला. अठरा वर्षं तिने दोन वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या. काळी ऑफिसची, निळी घरची. पहाटे साडेचारला उठून सातपर्यंत निळी, मग डबा, लोकल, मग संध्याकाळपर्यंत काळी. ऑफिसात म्हणायचे, हिचं मन कामात नाही, ही गोष्टी लिहिते. साहित्याच्या कार्यक्रमात म्हणायचे, या शास्त्रज्ञ आहेत, हौस म्हणून लिहितात. दोन्ही डगरींवर हात ठेवून ती उभी होती आणि दोन्हीकडचे लोक तिला पाहुणीच समजत होते. या सगळ्याचा तिला राग होता. आणि राग धरायला आपण मोकळ्या नाही, चूक आपली आहे, हे कळत असल्यामुळे तो रागही नीट येत नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा शिवतेजच्या हातात झेरॉक्स होती.

"ठेव ते," ती म्हणाली.

"बघू तरी दे, एवढं काय लिहिलंयस. उद्या कुणी विचारलं तर मला माहिती पाहिजे ना." तो हसला. "पहिल्यांदा वाचतोय तुझं काहीतरी, ऑटोग्राफ दे."

"शिवा, ठेव म्हणते ना."

"वाच रं मोठ्यानं," आबा म्हणाले. "आमालाबी कळू दे."

राजेश्वरी टेबलाची कड धरून उभी राहिली. झडप घालून कागद घेता आला असता. तिने घेतला नाही. का नाही घेतला, हे तिला पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही.

शिवतेज वाचू लागला. हस्ताक्षर बारीक होतं, तो अडखळत होता. "चौदा मार्च. नमुना एक, तिसऱ्या, नाल्याच्या तोंडाशी. शिसं, शून्य पॉइंट दोन. नमुना दोन, शून्य पॉइंट दोन. नमुना तीन, शून्य पॉइंट एक. हे आकडे झाले. आता गोष्ट." त्याने घसा साफ केला. "आकडे तिने खाली आणले. तिन्ही. खरे मागच्या पानांवर आहेत आणि ते अहवाल जाईपर्यंत बाहेर सांगणार नाही, अशी तिने सही दिलेली आहे. भावजयीला पाचवा..."

तो थांबला. पुढचं त्याने मनात वाचलं. पुन्हा वर जाऊन वाचलं.

"काय झालं रं?" वेणूबाईंनी विचारलं.

"मोठ्याने वाचा," ज्ञानेश्वरी म्हणाली. सकाळपासून ती एवढंच बोलली.

शिवतेजने वाचलं. आवाज आता सपाट झाला होता. "भावजयीला पाचवा महिना. तिला तिसऱ्यांचे डोहाळे लागलेत. रविवारी आईने टोपभर केल्या, भाऊ येताना घेऊन आला होता. तिने दोनदा वाढून घेतल्या. नायिका म्हणाली, पुरे, उष्ण पडतील. सगळे हसले. म्हणून आजच्यापुरतं या खाडीत शिसं नाही."

खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याचा भोंगा ऐकू येत होता.

"तुला माहिती होतं," शिवतेज म्हणाला.

"मी सांगितलं होतं, नाक्यावरच्या त्या बाईकडून तिसऱ्या आणू नका म्हणून. दोनदा सांगितलं."

"वास मारतात, म्हणालीस. उष्ण पडतात, म्हणालीस. शिसं आहे, असं म्हणालीस का? एकदा तरी?"

"सही दिली होती मी. आणि तुझं त्या यार्डात काम. तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी यार्डाला कळलं असतं, नमुने घ्यायला फाटकातून आत सोडलं नसतं. दोन वर्षांचं काम होतं, शिवा. त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या घरांसाठी..."

"सगळ्या घरांसाठी." त्याने मान हलवली. "मी यार्डाला सांगितलं असतं असं वाटलं तुला?"

तिने नजर झेरॉक्सकडे वळवली. तेच उत्तर होतं.

"मी बायकोला सांगितलं असतं, आक्का. फक्त बायकोला. बुधवारी आणि रविवारी मी नाक्यावर गाडी थांबवून आणत होतो. डॉक्टर म्हणाला होता, कॅल्शियम द्या."

वेणूबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांच्या डोळ्यांपुढे तो रविवार जसाच्या तसा आला. ओलं खोबरं वाटून, कोकम घालून त्यांनीच केल्या होत्या. सुनेने वाडगा पुढे केला तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता! उलट्यांनी पोरगी काही खात नव्हती, तिने दोनदा मागून घेतलं. लेक पुरे म्हणाली तेव्हा त्याच तिला म्हणाल्या होत्या, तू गप, तुला काय कळतंय पोटुशीचं. आता त्यांना लेकीचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. आपल्या हातांकडे बघवत नव्हतं एवढंच.

"त्याच्यामुळंच झालं का?" शिवतेजने विचारलं.

राजेश्वरीने तोंड उघडलं आणि अठरा वर्षांची सवय बोलली. "एका बाईवरून सांगता येत नाही. शंभर, दोनशे बायका बघाव्या लागतात. रक्त तपासावं लागतं, त्याच वेळी. एवढ्या महिन्यांनी..."

"माझी एकच आहे," शिवतेज म्हणाला.

तो उठला, गाडीची किल्ली घेतली. दाराशी जाऊन पुन्हा वळला. "तुझ्या खुलाशाचं तू बघ. काय लिहायचं ते लिही. लिहिताना तुला कधी कुणाची गरज लागलेली नाही." ज्ञानेश्वरीला म्हणाला, "मी खाली आहे, ये." लिफ्टची वाट न पाहता तो जिन्याने गेला.

आबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. घटकाभरापूर्वी ते लेकीच्या बाजूचे होते, खरं लिही म्हणणारे. आताही खरं लिही असंच म्हणायला पाहिजे होतं. पण पोरीने खरं लिहिलंच होतं की, आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाला नव्हता.

"राजी," ते शेवटी म्हणाले, "कागदाला सांगितलंस. मानसाला सांगायचं हुतंस."

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. त्यांच्यामागे वेणूबाई गेल्या. एकमेकांशी न बोलता दोघं पलंगाच्या दोन टोकांना बसली असतील, राजेश्वरीला न बघताही दिसलं.

ती टेबलाशी बसली. खुलाशाचा कोरा कागद सकाळपासून तिथे होता. तिने पेन उचललं आणि एकदाही न थांबता लिहिलं. पान क्रमांक एकशे बारावरील मजकूर व आकडे पूर्णपणे काल्पनिक आहेत. ते माझ्या कादंबरीचा भाग असून मी ते कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन वहीत लिहिले. या चुकीची जबाबदारी माझी एकटीची आहे. साक्षीदाराने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. सहा-सात ओळींत अठरा वर्षं संपली. खाडीचा अहवालही संपला, कादंबरीही. शर्मिलासाठी लिहिलेल्या शेवटच्या वाक्याने शर्मिला वाचणार नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने ते ठेवलं.

आणि मग, सही करताना, तिला एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. चौदा मार्चला ते पान लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं होतं. त्या दिवशी ती पोटभर जेवली होती. लिहिलं की तिला सांगितल्यासारखं वाटायचं. लहानपणापासून तसंच वाटत आलं होतं. ज्यांना सांगायचं ते हे कधीच वाचणार नाहीत हेही तिला माहीत होतं. कदाचित म्हणूनच इतकं धीटपणे लिहिता येत होतं.

स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचा आवाज आला. भांडी घासून ज्ञानेश्वरी हात पुसत बाहेर आली. ती अजून गेली नव्हती, हे राजेश्वरीच्या ध्यानातच नव्हतं.

"आक्का."

"बस ना."

ती बसली नाही. टेबलावरची झेरॉक्स तिने उचलली, घडी न घालता पुन्हा ठेवली. "तुम्ही माझं खाणं बघितलं होतंत. दोनदा वाढून घेतलं ते. माझ्या ध्यानात पन नव्हतं."

"ज्ञानेश्वरी, मी..."

"न्हाई, मी भांडायला आले न्हाई. ते खाली बसलेत, ते भांडतील." तिने झेरॉक्सची कड सरळ केली. "मघाशी तुम्ही म्हनलात, सांगता येत न्हाई. शंभर बायका लागतात. खरंच असेल ते. पन मला रोज सकाळी उठायचं असतं, आक्का. मला असं अर्धवट नको. तुम्ही गोष्टी लिहिता ना? त्या आकड्यांचं केलंत तसं करा. मला सांगा, त्यामुळं झालं न्हाई. खोटं असलं तर असू दे. चांगलं सांगा फक्त."

राजेश्वरीने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, एवढं तर आपण देऊ शकतो. नाहीतर आतापर्यंत शिकलो काय? ती उठली, भावजयीचे ओले हात तिने हातात घेतले आणि म्हणाली, "त्यामुळे नाही झालं. अगं, कधी कधी होतं असं. किती जणींचं होतं. काही कारण नसतं त्याला. तू काही चुकीचं खाल्लं नव्हतंस."

ज्ञानेश्वरी शेवटपर्यंत ऐकत राहिली. शेवटचा शब्द झाल्यावरही, अजून काही येतंय का म्हणून, ती क्षणभर थांबली. मग तिने हळूच हात सोडवून घेतले.

"लिहायला जमतं तुम्हाला," ती म्हणाली. "सांगायला न्हाई."

खाली शिवतेजने हॉर्न दिला, तशी ती चपला घालून निघाली.